एसएसडी कधी दिसते, कधी गायब होते: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

रात्री बारापर्यंत लॅपटॉप ठणठणीत होता. सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’. बंद केला, पाच मिनिटांनी पुन्हा चालू केला, तर विंडोज जसंच्या तसं हजर. असं तीन-चार वेळा झालं की लॅपटॉप दुकानात जातो. तिथे तो पहिल्याच बटणाला सुरू होतो, दुकानदार ‘विंडोज मारून देतो’ म्हणतो आणि आठवड्याभरात पुन्हा तोच काळा पडदा.

कायमचा दोष शोधायला सोपा असतो. येऊन-जाऊन असणारा दोष मात्र आपला आपण नाहीसा होतो, आणि तो जाण्याआधी शेवटी जे काही केलेलं असतं त्यालाच श्रेय मिळतं. विंडोज मारलं, दोन दिवस चाललं, म्हणजे विंडोजच बिघडलं होतं असा समज होतो. म्हणून हत्यारं हातात घेण्याआधी एकच प्रश्न धरून ठेवा: एसएसडी, म्हणजे विंडोज आणि सगळा डेटा जिच्यावर असतो ती डिस्क, गायब कधी होते? सॉकेटमधला सैलपणा, वीजबचतीचा घोळ, उष्णता आणि खुद्द एसएसडीतला बिघाड, या प्रत्येकाची वेळ वेगळी असते. ती वेळ पकडली की अर्धं काम झालं.

आधी डेटा

आज एसएसडी दिसते आहे ना? मग आजच डेटा काढा. अख्ख्या डिस्कची प्रत करण्याच्या भानगडीत पहिल्या फटक्यात पडू नका. ज्याच्यावाचून अडेल ते आधी: टॅलीचा डेटा, प्रोजेक्टचा फोल्डर, फोटो, मार्कशीट आणि कागदपत्रांचे स्कॅन. ते बाहेरच्या डिस्कवर नीट गेलं, उघडून पाहिलं, की मग बाकीचं.

कॉपी चालू असताना एसएसडी मध्येच गेली तर लगेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. लॅपटॉप पूर्ण बंद करा, गार होऊ द्या, मग उरलेलं थोडं थोडं घ्या. चेकडिस्क, डीफ्रॅग आणि फॉरमॅट या टप्प्यावर वर्ज्य. चेकडिस्क दुरुस्ती म्हणून डिस्कवर लिहिते, आणि लिहिता लिहिता डिस्क गायब झाली तर धडधाकट फोल्डरही विस्कटतात. लिनक्सची ओळख असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ वापरा. कुठपर्यंत वाचलं याची नोंद ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे एसएसडी दहा वेळा गेली तरी प्रत करणं जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

आणखी एक गोष्ट आत्ताच करा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कीशिवाय वाचता येत नाही, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पुढे बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) काही बदललं किंवा एसएसडी दुसऱ्या लॅपटॉपला लावली की बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा. की नसल्यामुळे चांगल्या एसएसडीतला डेटा कायमचा अडकलेला मी पाहिला आहे. तिथे कोणाचंच काही चालत नाही.

एक वही घ्या

आठवडाभर प्रत्येक वेळी लॅपटॉप सुरू करताना एक ओळ लिहा. तारीख आणि वेळ. लॅपटॉप पूर्ण बंद होता, झोपेत होता की रिस्टार्ट केला. चार्जर लावलेला होता की नाही. गार होता की तापलेला. मधल्या वेळात तो हलला होता का, म्हणजे बॅगेतून, गाडीवरून, एसटीतून गेला होता का. आणि शेवटचा, सगळ्यात मोलाचा रकाना: एसएसडी गायब असताना बायॉसला ती दिसत होती का?

बायॉसमध्ये जाण्याची की कंपनीप्रमाणे बदलते. डेल, एसर आणि एसुसवर बहुधा एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर एफ१ किंवा एफ२. आत स्टोरेजच्या यादीत एसएसडीचं नाव आणि क्षमता दिसते. काळा पडदा आला की घाबरून बंद करू नका. सरळ बायॉसमध्ये जा, ती यादी पाहा आणि फोनने फोटो काढा.

बायॉसला एसएसडी दर वेळी दिसते आणि तरी विंडोज सुरू होत नाही, असं असेल तर हार्डवेअर सहसा ठीक असतं. गोंधळ बूटच्या क्रमात, बूट फाइलमध्ये किंवा एसएसडी कोणत्या पद्धतीने जोडायची हे ठरवणाऱ्या इंटेलच्या व्हीएमडीसारख्या सेटिंगमध्ये असतो. मदरबोर्डवरची बटण-बॅटरी संपत आली असेल तर बायॉसच्या सेटिंग आपोआप मूळपदावर जातात, व्हीएमडी बदलतं आणि ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो. घड्याळ मागे पडत असेल तर तो सेल बदलून पाहा. बाकी लेख आहे तो बायॉसलाच एसएसडी दिसत नाही त्यांच्यासाठी, किंवा काम चालू असताना ती मध्येच जाते त्यांच्यासाठी.

माझ्या भाचीच्या लॅपटॉपचं विंडोज असं तीनदा मारून झालं होतं. तिला वही करायला लावली. आठ दिवसांनी पाहिलं तर रविवारी दोषाची एकही नोंद नाही, आणि सोमवार ते शनिवार प्रत्येक वेळी सकाळी साडेदहाच्या सुमारास, कॉलेजात पोचल्यावर पहिलं बटण दाबताना. रोज ती लॅपटॉप पाठीवर घेऊन दुचाकीवरून अकरा किलोमीटर जायची. खालचं झाकण उघडलं तर एसएसडीचा स्क्रूच नव्हता. आधी कोणीतरी रॅम वाढवताना तो हरवला असावा. त्याच्या जागी चिकटपट्टीचा तुकडा होता, उष्णतेने त्याचा गोंद पातळ होऊन पट्टी एका बाजूने सुटली होती आणि एसएसडीचं मोकळं टोक दोनेक मिलिमीटर वर उठलं होतं. झाकण लावल्यावर ते दाबलं जायचं, खड्ड्यांत हललं की सुटायचं.

वही काय सांगते

हलवल्यावर, बॅगेतून नेल्यावर किंवा एका कोपऱ्याला धरून उचलल्यावर एसएसडी जात असेल, तर सॉकेट, स्क्रू किंवा केबल. इथे सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका, थेट झाकण उघडा.

रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी दिसत नाही आणि रिस्टार्ट केलं की दिसते, असं असेल तर एसएसडीला जागं व्हायला बायॉसच्या अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागतोय. कारण फर्मवेअरमध्ये (एसएसडीच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) असू शकतं, कमजोर होत चाललेल्या कंट्रोलरमध्ये (तिचा कारभार चालवणाऱ्या चिपमध्ये) असू शकतं, किंवा गार असताना नीट न टेकणाऱ्या जोडणीत. बायॉसमध्ये ‘फास्ट बूट’ असेल तर ते बंद करून पाहा, म्हणजे तपासणीला थोडा जास्त वेळ मिळतो.

झाकण मिटून उघडल्यावर किंवा लॅपटॉप झोपेतून जागा झाल्यावर जाते, किंवा काही न करता नुसता उघडा ठेवलेला असताना जाते? मग वीजबचत. हा प्रकार फसवा आहे, कारण जोरात काम चालू असताना एसएसडी कधीच जात नाही आणि माणूस ती निर्दोष समजतो.

याच्या उलट मोठी फाइल कॉपी करताना, गेम खेळताना, मे महिन्याच्या दुपारी जाते आणि गार झाल्यावर परत येते, तर उष्णता. घरगुती एसएसडींची कामाची मर्यादा साधारणपणे ७० अंश सेल्सियस लिहिलेली असते. पंख्याची जाळी धुळीने भरली असेल तर प्रोसेसरच्या शेजारी बसलेली एसएसडी तिथे सहज पोचते.

कसलाही क्रम सापडत नाही, आणि गायब होण्यातलं अंतर मात्र महिन्यावरून आठवड्यावर, आठवड्यावरून दिवसावर येतंय, तर एसएसडीच शेवटाकडे निघाली आहे असं धरून चाला.

झाकण न उघडता करायच्या गोष्टी

एका वेळी एकच. एक बदल केला की वहीत लिहा आणि वाट पाहा. एका संध्याकाळी पाच उपाय केलेत तर कशाने फरक पडला हे कधीच कळणार नाही.

विंडोजमधलं ‘शट डाउन’ हे फास्ट स्टार्टअप चालू असताना पूर्ण बंद करणं नसतं. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, किंवा कंट्रोल पॅनेलमधून फास्ट स्टार्टअप बंदच करा. त्यानंतर चार्जर काढा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. बोर्डवर अडकून राहिलेला चार्ज निघून जातो आणि वीज सांभाळणारी चिप नव्याने सुरू होते. काही लॅपटॉपच्या तळाशी यासाठी टाचणी जाईल एवढं भोक असतं.

मग वीजबचत. पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘पीसीआय एक्सप्रेस’खाली ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ आहे, ते बॅटरी आणि चार्जर दोन्हींसाठी ‘ऑफ’ करा. लिनक्सवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. २०१७ मध्ये कर्नल ४.११ पासून एनव्हीएमई (नव्या, वेगवान प्रकारच्या) एसएसडींना आपणहून खोल झोपेत जाऊ देण्याची सोय आली, आणि काही एसएसडी-लॅपटॉपच्या जोड्यांमध्ये ती झोपलेली एसएसडी उठेचना. उपाय म्हणून ‘एनव्हीएमई कोअर’ मॉड्यूलचा ‘डिफॉल्ट पीएस मॅक्स लेटन्सी’ हा आकडा ग्रबमध्ये शून्य करतात. बॅटरी किंचित कमी टिकते, पण दोष याचाच असेल तर एसएसडी जाणं थांबतं.

फर्मवेअर अपडेटकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि ते चूक आहे. क्रुशलच्या एम४ या एसएसडीचं उदाहरण बोलकं आहे. एकूण ५,१८४ तास चालून झाल्यावर ती अचानक प्रतिसाद देणं थांबवायची, वीज बंद-चालू केली की परत यायची आणि साधारण तासाभराने पुन्हा जायची. वापरणाऱ्याला वाटणार की चिप गेली. प्रत्यक्षात तास मोजणाऱ्या कोडमधली चूक होती, आणि जानेवारी २०१२ मधल्या फर्मवेअर अपडेटने ती गेली. तेव्हा सॅमसंग मॅजिशियन, क्रुशल स्टोरेज एक्झिक्युटिव्ह असं आपापल्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेऊन एसएसडीचं फर्मवेअर पाहा, आणि लॅपटॉपचं बायॉसही अद्ययावत करा. दोन्ही अपडेट चार्जर लावून, डेटा आधी बाहेर काढून, आणि बिटलॉकर ‘सस्पेंड’ करून. बायॉसमधल्या स्टोरेजच्या पानाचा फोटो आधी काढून ठेवा, म्हणजे अपडेटने सेटिंग बदलल्या तर परत लावता येतील.

पेन ड्राइव्हवरून पाहारा

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’खाली ११, ५१, १२९ आणि १५३ या क्रमांकांच्या नोंदी शोधा. १२९ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजला तिला रीसेट करावं लागलं. १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचं काम पुन्हा करावं लागलं. अशा नोंदी गायब होण्याच्या आदल्या दिवसांत वाढल्या असतील तर तो पुरावा आहे. पण एक अडचण आहे. ज्या डिस्कवर ही नोंदवही लिहिली जाते तीच पळाली तर लिहिणार कुठे? त्यामुळे ऐन क्षणाची नोंद बहुतेक वेळा सापडतच नाही. लॅपटॉप हँग झाला आणि नोंदवहीत त्या वेळी काहीच नाही, ही गोष्टसुद्धा एसएसडीकडेच बोट दाखवते.

म्हणून मला सगळ्यात विश्वासाची वाटते ती पुढची परीक्षा. उबुंटूचा पेन ड्राइव्ह बनवा, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नको. आता यंत्रणा पेन ड्राइव्हवर आहे आणि एसएसडी नुसती पाहुणी. ती गेली तरी पडदा गोठत नाही. टर्मिनलमध्ये यंत्रणेचे संदेश दाखवणारी ‘डीमेसेज’ ही आज्ञा सतत चालू राहील अशी द्या, दुसऱ्या खिडकीत एसएसडीवरची मोठी फाइल वाचायला लावा आणि तास-दोन तास तसंच राहू द्या. नंतर तेवढाच वेळ काहीही न करता.

एनव्हीएमई एसएसडी गेली की ‘कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट’ अशी ओळ उमटते आणि तिच्यात ‘सीएसटीएस’ या शब्दापुढे सलग आठ ‘एफ’ दिसतात. जोडणीच्या पलीकडे उत्तर द्यायला कोणी नसलं की संगणकाला प्रत्येक बिट १ वाचायला मिळतो, ते हे आठ ‘एफ’. कंट्रोलर जागेवरच नाही असा याचा अर्थ. विंडोजचा यात हात नाही हे तिथल्या तिथे सिद्ध होतं, आणि ‘विंडोज मारून देतो’ला नको म्हणायला कारण मिळतं. ती ओळ काम चालू असताना आली की स्वस्थ असताना, हेही वहीत लिहा.

झाकण उघडताना

वॉरंटी चालू असेल तर इथे थांबा, वहीचे फोटो घ्या आणि सर्व्हिस सेंटरला जा. उघडायचंच असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. झाकण निघाल्यावर पहिलं काम बॅटरीची केबल सोडवणं. एसएसडीला हात लावण्याआधी नळासारख्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा आणि सिंथेटिक कपडे टाळा.

आताच्या लॅपटॉपमधली एसएसडी एम.२ प्रकारची, च्युइंगगमच्या पट्टीएवढी असते. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. काढण्याआधी नीट पाहा: ती बोर्डाशी समांतर आहे का, टोक वर उठलंय का, मध्ये वाकली आहे का? जाड थर्मल पॅड खाली किंवा वर कोंबलेलं असलं की पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि सॉकेटमधल्या एका बाजूच्या पिना सुटतात. हे फार ठिकाणी दिसतं, विशेषतः नंतर हीटसिंक लावलेल्या लॅपटॉपमध्ये.

स्क्रू काढल्यावर पट्टी आपोआप सुमारे ३० अंशांत वर येते. तशीच, सरळ ओढून बाहेर काढा. सोनेरी पट्ट्या उजेडात तिरप्या धरून पाहा. निस्तेज डाग, तेलकट बोटांचे ठसे किंवा किनारपट्टीच्या दमट हवेत हिरवट झाक दिसली तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, आणि पट्ट्यांच्या दिशेनेच पुसणं. खोडरबर वापरायची पद्धत जुनी आहे, पण रबर सोन्याचा पातळ थर घासतो आणि त्याचा चुरा सॉकेटमध्ये जातो. या पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर आहे, तिथे तो चुरा नको. सॉकेटमध्ये तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब जातात. हातातला ब्लोअर पुरे.

बसवताना पुन्हा ३० अंशांत, शेवटपर्यंत आत. नीट बसली की सोनेरी भाग जेमतेम रेषेएवढा दिसतो. मग दाबून आडवी करा आणि स्क्रू लावा, बेताने कसून. स्क्रू हरवला असेल तर बाजारात एम२ मापाचे मिळतात. चिकटपट्टी, फेविक्विक, कागदाची घडी यांपैकी काही नको.

लॅपटॉप जुना आणि एसएसडी अडीच इंची साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) असेल तर संशय आधी केबलवर घ्या. बोर्डापासून एसएसडीपर्यंत जाणारी चपटी फ्लेक्स केबल वळणाच्या जागी तुटत जाते. २०१२ च्या १३ इंची मॅकबुक प्रोची ही केबल यासाठी दुरुस्तीवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे, नवी एसएसडी घालूनही रड तीच राहते. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सी७’ म्हणजे सीआरसी एररचा आकडा पाहा. तो वाढत असेल तर डेटा वाटेत बिघडतोय, म्हणजे केबल किंवा कनेक्टर.

अदलाबदल

साफसफाई करूनही दोष राहिला तर एसएसडी आणि लॅपटॉप यांना वेगळं करून तपासायचं. एसएसडी यूएसबी केसिंगमध्ये घाला. केसिंग घेताना एनव्हीएमईसाठी आहे की साटासाठी हे विचारा, दोन्ही दिसायला सारखीच असतात. ती दुसऱ्या लॅपटॉपला लावून तासन्तास वाचू द्या. तिथेही गायब झाली तर दोष तिच्यातच. तिथे चालली तर मात्र निकाल अर्धाच, कारण केसिंगमध्ये वीजबचत आणि तापमान वेगळं असतं. म्हणून उलटीही परीक्षा हवी: दुसरी चांगली एसएसडी, मित्राकडून मागून का होईना, या लॅपटॉपमध्ये.

किती दिवस पाहायचं? तीनदा सुरू केल्यावर एकदा दोष येत असेल, तर सलग दहा वेळा नीट सुरू होणं निव्वळ योगायोगाने घडायची शक्यता सुमारे २ टक्के. तेव्हा दहा पुरेत. दहात एकदा येत असेल तर सलग तीस वेळा नीट सुरू झाल्यावरच विश्वास ठेवा, आणि तेव्हाही योगायोगाची शक्यता ४ टक्के उरतेच. ‘काल लावली, आज चालतेय’ हा निकाल नव्हे.

एसएसडीच दोषी ठरली तर

एसएसडीचं नाव बदललेलं दिसणं ही वाईट खूण आहे. फायझनच्या एस११ कंट्रोलरवरच्या स्वस्त साटा एसएसडी बिघडल्या की बायॉसमध्ये कंपनीच्या नावाऐवजी ‘साटाफर्म एस११’ असं येतं. आपलं फर्मवेअर तिला वाचता येत नाहीये. क्षमता अचानक काही मेगाबाइट दिसली तरी तोच प्रकार. स्मार्टच्या, म्हणजे एसएसडी स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, आकड्यांत ‘क्रिटिकल वॉर्निंग’ शून्य नसणं, ‘अव्हेलेबल स्पेअर’ घसरत जाणं, ‘मीडिया एरर’ वाढणं, हे पाहा. पण आरोग्य १०० टक्के दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका. तो आकडा मुख्यतः लिहून लिहून झालेली झीज सांगतो, कंट्रोलरचा टाका सुटलाय हे त्याला कळत नाही.

साटा एसएसडी वीज अचानक गेल्यानंतर दिसेनाशी झाली असेल तर एक प्रयत्न करण्यासारखा आहे. बायॉसच्या पडद्यावर लॅपटॉप वीस मिनिटं नुसता ठेवा, मग बंद करून वीज अर्धा मिनिट तोडा, आणि हे पुन्हा एकदा करा. विजेच्या झटक्याने विस्कटलेली अंतर्गत नोंद कंट्रोलरला त्या वेळात कधी कधी जुळवता येते. परत आली तर तेवढ्यात डेटा घ्यायचा, पुन्हा कामाला जुंपायची नाही.

वेगळ्या विकत घेतलेल्या बऱ्याच एसएसडींना तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते, लॅपटॉपची संपली असली तरी. लेबलवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. बदली मिळते ती नवी किंवा दुरुस्त केलेली एसएसडी, तुमचा डेटा त्यातून परत येत नाही. डेटा महत्त्वाचा आणि अजून आतच असेल तर वॉरंटीला देण्याआधी डेटा रिकव्हरी करणाऱ्याला दाखवा, आणि ‘काढता आला तरच पैसे’ हे लेखी घ्या.

दुसरी एसएसडीही याच लॅपटॉपमध्ये गायब होत असेल तर सॉकेटचे टाके किंवा त्याला ३.३ व्होल्ट पुरवणारा भाग गेला आहे. ते चिप-लेव्हल काम करणाऱ्याचं काम. त्याआधी लॅपटॉपमध्ये दुसरा एम.२ स्लॉट आहे का पाहा, आणि तो एनव्हीएमई घेतो की फक्त साटा हे मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये तपासा. असला तर एसएसडी तिथे हलवून वापरता येते. दुरुस्तीला देताना एसएसडी काढून घरी ठेवा आणि लॅपटॉपसोबत वहीच्या पानांची झेरॉक्स द्या. कारागिराच्या टेबलावर तो पहिल्याच बटणाला सुरू होणार, तेव्हा त्याला पाहायला तीच पानं असतील.